उभी ऱ्हायनी का

"पयस तवय काही नई," जयपालभाऊ म्हणाले,
"उभी ऱ्हायनी का थरथर करस.
फाटक लागनं, मी गाडीनी वाट दखत बसस,
आनि हाई अशी हालस, जशी तिलेच थंडी वाजस."

दोंडाईचा, जानेवारी.
पथारीवर मिरच्या पसरल्यात पार नाल्यापर्यंत,
वारा इकडे वळला की पाना हातात असताना शिंक येते.
गाडी रात्रभर ठेवून घेतली मी.
हा आजार गरम अंगात सापडत नाही.

सकाळी सहाला चावी फिरवली.
पहिले तीन सेकंद खर्रर्र,
डब्यात हरभरे हलवावेत तसं, चेनच्या बाजूने.
मग तेल वर चढलं, आवाज गेला.
थरथर राहिली.

स्कॅनरवर एकच ओळ : पी झिरो झिरो अकरा.
कॅमशाफ्ट ठरल्यापेक्षा पुढे.
धुळ्याच्या शोरूमने हीच ओळ वाचून सेन्सर बदलला,
बेचाळीसशे घेतले,
चौथ्या दिवशी बत्ती परत लागली.
जयपालभाऊंची स्वतःची पॅथॉलॉजी आहे.
दिवसातून दहादा ते काचेआडून सांगतात,
मी फक्त आकडा देतो, आजार डॉक्टर सांगतील.
मी तेच म्हणालो. ते हसले नाहीत.

व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हे या इंजिनात पक्कं नसतं.
पळताना जरा आधी,
उभं असताना आपल्या जागी.
ठरवतो कॉम्प्युटर, पण हात तेलाचे :
दाब आला की कॅम पुढे सरकतो,
दाब सुटला की परत यायचं.
कॉम्प्युटर म्हणत होता शून्य.
कॅम अठरा अंशांवर बसून होता,
दिवेलागण झाली तरी पारावरून न उठणाऱ्या माणसासारखा.

सोलेनॉइडचा प्लग काढला. इंजिनाला काही फरक नाही.
मीटर लावला. सात पॉइंट दोन. गुंडाळी ठीक, वायर ठीक,
वीज खोटं बोलत नव्हती.
दहाचा बोल्ट, एकच.
ओ-रिंग सोडेना, हलवत हलवत काढला :
बोटाएवढा तुकडा, कमरेला बारीक जाळी.
जाळी दिसतच नव्हती.
काळा डिंक, तव्याच्या कडेला बसतो तसा,
नखाने न निघणारा.

जयपालभाऊंनी थोडा कापसावर घेतला,
सवयीने उजेडात धरला.
"घट्ट से. कोनतं तेल टाकेल व्हतं?"

तेव्हा मी बॉनेटखालची चिठ्ठी पाहिली,
तारेने बांधलेली, तेलकट.
किलोमीटर. तारीख, मागचा मार्च.
ट्वेंटी-फिफ्टी.
अक्षर माझं.

पातळ तेलाचा डबा संपला होता त्या दिवशी,
त्यांना शिरपूरला लग्नाला पोचायचं होतं,
आणि मी म्हणालो होतो, आता शब्दनशब्द आठवतंय,
उन्हाळा आहे भाऊ, घट्टच बरं.
शोरूमला हसलो होतो मी, चांगला आठवडाभर.

"माझंच," म्हणालो.
त्यांनी कापूस कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

जाळी फवाऱ्याने धुतली. ब्रश लावायचा नसतो, फाटते.
बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या :
टक.
काढल्या. टक.
आतली दांडी जाते, येते.
जुनं तेल सोडलं, त्याची धार नव्हती, दोरी होती.
नवा फिल्टर. फाइव्ह-थर्टी,
शिरपूर नाक्यावरून पोराला पाठवून, दीडपट भावाने,
माझ्या खिशातून.

दुपारी दोघं फाटकावर गेलो. बंदच होतं.
त्यांनी सॅम्पलची बाटली पाण्याने भरून
डॅशबोर्डवर ठेवली,
आणि आम्ही पाण्याकडे बघत बसलो.
स्कॅनरवर एक. शून्य. शून्य.
पाणी हललं, पण ते वाघिणींमुळे.
अठ्ठावन्न होत्या, ते मोजत होते.

"मंग, व्हयनं?"
उद्या सहाला या, म्हणालो.
चेन ढिली पडली असेल तर ती गरम असताना सांगत नाही.
ते तीन सेकंद
अजून ऐकायचे राहिलेत.